विषय: व्यायामाच्या सायकलवर दिसणारा कॅलरीचा चुकीचा आकडा

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्या कंपनीची व्यायामाची सायकल मी वडिलांसाठी ऑनलाइन मागवली. सायकल मजबूत आहे, आवाज करत नाही, बसायलाही सोयीची आहे. तक्रार आहे ती पडद्यावरच्या ‘कॅलरीज बर्न्ड’ या आकड्याबद्दल. शरीर जेवढी ऊर्जा खर्च करते त्याच्या जेमतेम पाव हिस्सा तो आकडा दाखवतो, आणि त्यापायी माझ्या वडिलांच्या जिवावर बेतले होते.

वडिलांना मधुमेह आहे. साखर कमी करण्याच्या गोळ्या चालू आहेत. व्यायामातून रोज साधारण १५० कॅलरी खर्च व्हाव्यात असे आहारतज्ज्ञांनी लिहून दिले आहे. वडील ६० वॅटच्या आसपास पेडल मारतात. पाऊण तास झाला तरी पडद्यावर ३९! सांगितलेले पुरे केल्याशिवाय ते उठत नाहीत, म्हणून पेडल मारतच राहिले. दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, तेव्हा आईने साखर तपासली. ती ७० च्या बरीच खाली गेली होती. लगेच साखरपाणी दिले म्हणून निभावले.

त्यानंतर मी आपली माहितीपुस्तिका नीट वाचली. त्यात सूत्र छापले आहे: वॅट गुणिले सेकंद, भागिले ४१८४. ६० वॅटने ४५ मिनिटे म्हणजे १,६२,००० ज्यूल, भागाकार ३८.७. म्हणजे यंत्र बिघडलेले नाही, सूत्रच चुकीच्या जागी वापरले आहे. आपल्या प्रतिनिधींना फोन केला तर उत्तर मिळाले, ‘मॅडम, १ कॅलरी म्हणजे ४.१८४ ज्यूल, हे जगभर मान्य आहे.’ मान्य आहेच, पण ते कशासाठी?

जेम्स ज्यूल यांनी वजने खाली सोडून पाण्यातली वल्ही फिरवली आणि पाणी किती तापते ते मोजले. १८५० साली त्यांनी जाहीर केले की एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला ७७२ फूट-पौंड काम लागते. आजच्या आकड्याच्या ते फार जवळ आहे. तिथे केलेले सगळे काम उष्णतेत उतरत होते, म्हणून कामाचे ज्यूल आणि उष्णतेच्या कॅलरी यांचा सरळ भागाकार चालतो. माणसाचे तसे नाही. सायकल चालवताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात तिच्यातली साधारण २० ते २५ टक्केच पेडलपर्यंत पोहोचते, बाकीची अंगात उष्णता होऊन बाहेर पडते. आपला पडदा फक्त पेडलवरचे काम मोजतो आणि त्याला ‘बर्न्ड’ म्हणतो. वडिलांनी त्या पाऊण तासात खर्च केल्या होत्या १५५ ते १९० कॅलरी. त्यांचे ठरलेले काम तेव्हाच पुरे झाले होते! पडद्यावर १५० दिसायला त्याच वेगाने जवळजवळ तीन तास लागले असते, आणि तोवर शरीराने सहाशेच्या वर कॅलरी जाळल्या असत्या. गोळ्या घेणाऱ्या माणसाला हे किती धोक्याचे आहे ते वेगळे सांगायला नको.

यावरचा उपाय अवघड नाही. पेडलपर्यंत जेमतेम पाव हिस्सा पोहोचतो, म्हणजे शरीराचा खर्च पेडलवरच्या कामाच्या साधारण चौपट असतो. या चौपटीमुळे ४.१८४ चा भागाकार जवळपास कटतो, आणि पेडलवर केलेले जितके किलोज्यूल, साधारण तितक्याच आहाराच्या कॅलरी खर्च होतात. पॉवर मीटर (पेडलवरचे वॅट मोजणारे उपकरण) लावून सायकल चालवणारे हाच हिशेब धरतात. नुसते किलोज्यूल दाखवले असते तरी वडील वेळेत थांबले असते.

आणखी एक. पुस्तिकेत एका पानावर १ कॅलरी म्हणजे ४.१८४ ज्यूल आणि पुढच्या पानावर भागाकार ४१८४ ने. पहिली साधी कॅलरी, दुसरी किलोकॅलरी. हजारपटीचा फरक, आणि नाव दोन्हीकडे एकच. खाद्यपदार्थांच्या पाकिटावर किलोकॅलरी असे स्पष्ट छापतात, मग आपल्या पडद्यावर का नाही?

आपण देऊ केलेले सवलतीचे कूपन मला नको. सायकलचे सॉफ्टवेअर दुरुस्त करून द्या, ते जमणार नसेल तर सायकल परत घेऊन पूर्ण रक्कम द्या. याहून महत्त्वाचे म्हणजे हे मॉडेल घेतलेल्या प्रत्येक ग्राहकाला आकड्याचा खरा अर्थ लेखी कळवा, आणि मधुमेहाच्या रुग्णांसाठी पुस्तिकेत ठळक इशारा छापा. अपुऱ्या सूचनांमुळे इजा झाली तर उत्पादक जबाबदार ठरतो, असे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ सांगतो. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पुढे ग्राहक आयोगाकडे जाईन.

बिलाची प्रत, पुस्तिकेच्या त्या दोन पानांचे फोटो आणि पडद्याचा फोटो सोबत जोडला आहे. दुरुस्ती होईपर्यंत सायकल आम्ही वापरत नाही.

आपली,
एक ग्राहक
(नाव व पत्ता ऑर्डरच्या नोंदीप्रमाणे)