चामड्याच्या सीटवर खोबरेल ओतू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दसरा-दिवाळीच्या सुमारास रस्ते कोरडे होतात आणि रेवस ते रेडी या किनाऱ्याच्या रस्त्यावर लांब पल्ल्याच्या सायकली दिसू लागतात. त्या तयारीत फोमची सीट काढून चामड्याची बसवून घेणारे आता बरेच आहेत. नवी सीट कडक असते, पहिल्या आठवड्यात बैठक दुखते, आणि मग उपाय सांगायला सगळेच पुढे येतात: खोबरेल चोळा, रात्रभर पाण्यात भिजत ठेवा, लाटण्याने ठोका. एवढी महागाची वस्तू अशा उपायांनी एका हंगामात झोळ होऊन बसते. कोकणच्या हवेत ही चूक जास्तच महाग पडते, म्हणून हे सविस्तर पत्र.

आधी सीटची रचना. हिच्यात गादी नसते. सुमारे पाच मिलिमीटर जाडीचे चामड्याचे एकच पान मागे पोलादी पट्टीला आणि पुढे टोकाच्या लोखंडी तुकड्याला रिव्हेटांनी जखडलेले असते. मधे, खाली काहीच नसते. आपण त्या ताणलेल्या पानावर बसतो. पुढच्या टोकाखाली ताणाचा बोल्ट असतो. त्याचा नट फिरवला की टोक पुढे ढकलले जाते आणि पान ताणले जाते. बर्मिंगहॅमच्या ब्रूक्स कंपनीची स्थापना १८६६ सालची, सायकलच्या सीटचे पेटंट १८८२ सालचे. पण तत्त्व आजही तेच आहे.

यासाठी वापरतात ते चामडे झाडांच्या सालीतील टॅनिनने कमावलेले असते. क्रोमने कमावलेले, पिशव्या-पर्सचे चामडे मऊ आणि लवचिक असते, पण दिलेला आकार धरून ठेवत नाही. टॅनिनचे चामडे ऊब, थोडा ओलावा आणि सततचा दाब मिळाला की हळूहळू खोलगट होते आणि त्या आकारात टिकते. बैठकीच्या दोन हाडांखाली दोन उथळ खळगे पडणे, बाकीचे पान मात्र ताठ राहणे, म्हणजे सीट रुळली. तेल किंवा पाणी पाजल्याने नेमके उलटे होते. खळगे पडायच्या जागेबरोबर सगळेच पान ढिले पडते.

कोल्हापुरी चपलेला तेल पाजून मऊ करायची आपली जुनी सवय आहे. तिचे चामडेही बाभळीची साल आणि हिरडा वापरूनच कमावतात, त्यामुळे सीटलाही तोच न्याय लावावासा वाटणे स्वाभाविक आहे. पण चपलेचा तळ जमिनीवर टेकलेला असतो आणि सीटचे पान अधांतरी टांगलेले. तळ मऊ झाला तर बिघडत नाही. पान मऊ झाले की ते वजनाखाली उतरत जाते, बाजूचे पदर फाकून मांड्यांना घासतात आणि अखेर हाडे मागच्या पोलादी पट्टीवर आदळू लागतात. त्यातून खोबरेल साधारण २४ अंशांना वितळते, म्हणजे आपल्याकडे वर्षातले बहुतेक दिवस ते पातळच. ते पृष्ठभागावर न थांबता थेट आत झिरपते आणि पुढे कित्येक आठवडे पँटला लागत राहते. करंजेल, गाडीचे ऑइल, होडीला चोपडायचे माशाचे तेल यांचेही तसेच.

कोणी म्हणेल, ब्रूक्सच्या प्रूफाइड या सीटच्या मलमातही कॉड माशाचे तेल असतेच. असते, पण त्यात जनावराची चरबी आणि मधमाशीचे मेणही असते. त्यामुळे ते डबीत घट्ट राहते, बोटाच्या उबेने जेवढे विरघळते तेवढेच चामड्यात जाते, आणि उरलेले मेण वर थांबून पाणी अडवते. चरबी वापरायची नसेल तर मेणाचे प्रमाण जास्त असलेले, टॅनिनच्या चामड्यासाठीचे दुसरे घट्ट मलम घ्या. द्रवरूप काहीही नको.

मलम लावण्याचे प्रमाण असे. सीट सायकलला बसवण्याआधी कोरड्या कापडाने पुसा. वरच्या बाजूला अर्धा चमचा मलम बोटाने पातळ पसरा, रिव्हेटांच्या भोवती आणि कडांना नीट चोळा, रात्रभर ठेवा आणि सकाळी सुती फडक्याने घासून चकाकी आणा. खालची बाजू कच्ची असते आणि चाकाचे पाणी पहिल्यांदा तिथेच लागते, म्हणून तिथेही एकदा अगदी पातळ हात फिरवा. पुढचा हात दीड-दोनशे किलोमीटरनंतर, त्यानंतरचा सीट रुळल्यावर. पुढे वर्षाला दोन हात पुरेत: एक मिरगाच्या आधी, एक पाऊस गेल्यावर. कोरड्या, थंड देशांतली माणसे याहून सढळ हाताने लावतात. आपल्या दमट हवेत चामड्यात मुळातच ओल जास्त असते, ते लवकर रुळते आणि लवकर सैलही पडते. इथे मलम मऊपणासाठी लावायचे नाही, पाणी अडवण्यासाठी लावायचे.

रुंदी चुकली असेल तर हजार किलोमीटर चालवूनही सीट रुळत नाही, हे विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने आधी पाहावे. पायरीवर जाड खोक्याचा पुठ्ठा ठेवून अर्धा मिनिट पुढे वाकून बसा. पुठ्ठ्यावर दोन खड्डे उमटतात. त्यांच्या मध्यांतले अंतर मोजा. ते साधारण १० ते १४ सेंटिमीटर भरते. ही दोन्ही हाडे पूर्णपणे चामड्यावर आली पाहिजेत; मागची पट्टी आणि रिव्हेट कडेला मोकळे राहिले पाहिजेत. हँडल सीटच्या उंचीला असेल तर १७ सेंटिमीटरच्या आसपासची सीट बहुतेकांना चालते. जुन्या पद्धतीच्या उंच हँडलच्या सायकलवर ताठ बसायचे असेल तर २० ते २१ सेंटिमीटरची, स्प्रिंगवाली घ्यावी. स्त्रियांच्या बैठकीच्या हाडांतले अंतर सरासरीने जास्त असते. त्यांच्यासाठी आखूड टोकाची सीट मिळते, तीही बसून पाहावी.

बसवताना मिस्त्रीची पाणसळ वापरा. मागची कड आणि पुढचे टोक यांवर ती टेकवली की टोक पाचेक मिलिमीटर वर असावे. ही सीट मधे खाली उतरणार असल्याने अगदी सपाट बसवली तर माणूस पुढे घसरत राहतो आणि सगळा भार मनगटांवर येतो. उंचीही नव्याने जुळवा. फोम बसल्यावर दबतो, चामडे दबत नाही, म्हणून जुनी खूण कामाची नाही. पायडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच टेकवून पाय सरळ झाला, की उंची ढोबळमानाने बरोबर.

आता चालवणे. सीट रुळवण्याचा खरा उपाय हाच एक आहे. पहिले दोन आठवडे एका वेळी अर्धा-पाऊण तास पुरे, आणि दर दहा मिनिटांनी पायडलवर उभे राहून अंग मोकळे करा. रस्ता सपाट निवडा. अलिबागहून चौलमार्गे रेवदंड्याला जाणारा किंवा तारकर्लीहून देवबागला जाणारा रस्ता याला उत्तम. आपल्याकडचे बाकी बरेचसे रस्ते खाडीतून सड्यावर चढतात आणि पुन्हा खाडीत उतरतात. चढाला आपण टोकाकडे सरकतो, उताराला मागे, आणि दाब एका जागी राहत नाही. कपडा पातळ आणि बैठकीला जाड शिवण नसलेला हवा. जीन्सच्या शिवणीने कातडी सोलवटते आणि नव्या चामड्यावरही ओरखडे उठतात. सीटवर जेलचे कव्हर चढवून रुळवायचा प्रयत्न व्यर्थ आहे, कारण ऊब आणि दाब चामड्यापर्यंत पोचतच नाहीत. फिकट रंगाची पँट सुरुवातीला टाळा, चामड्याचा रंग लागतो.

दोन-तीनशे किलोमीटरनंतर खळगे बोटाला जाणवू लागतात. जाड चामड्याला पूर्ण रुळायला आठशे-हजारही लागतात. हाडांच्या जागी दुखणे या काळात अपेक्षित आहे आणि ते दर आठवड्याला कमी होत जाते. पण पुढच्या नाजूक भागात बधिरपणा आला तर तो सोसायचा नाही. त्याच दिवशी टोकाची चढण आणि सीटची उंची तपासा, त्यानेही थांबले नाही तर सीट बदला. एकाच बाजूला दुखत असेल तर सीट तिरकी बसली आहे का, ते पाहा. माकडहाडाला लागत असेल तर बहुधा सीट अरुंद आहे.

ताणाच्या बोल्टबद्दल आमचे स्पष्ट मत आहे: सीट नवी असताना त्याला हात लावू नये. कडक सीट मऊ करायला नट ढिला करणे ही तर फारच वाईट कल्पना. ढिले पान वजनाखाली जास्त ताणले जाते आणि मग कायमचे लांबते. बहुधा पहिल्या वर्षात बोल्टची गरजच पडत नाही. पुढे पान इतके उतरले की मागची पट्टी टोचू लागली किंवा पदर फाकले, तरच नट पाव फेरा आवळा, चाळीस-पन्नास किलोमीटर चालवा, मगच पुढचा पाव फेरा. एकदम दोन फेरे आवळले तर पान टोकाच्या रिव्हेटांपाशी चिरते आणि मग दुरुस्ती नाही. ओले चामडे तर कधीच ताणू नये. आपल्याकडच्या खाऱ्या वाऱ्याने या बोल्टचे आटे गंजून जाम होतात, म्हणून पहिल्याच दिवशी त्यावर ग्रीसचा हात द्या. कर्दे-मुरूडच्या किंवा गुहागरच्या पुळणीवरून सायकल नेली असेल तर सीट आणि खालच्या सळ्या गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसून घ्या. मीठ हवेतली ओल ओढून घेते, तेवढी गंजायला पुरते.

पावसाबद्दल. नवी चामड्याची सीट मे-जूनमध्ये बसवूच नये. ओले झालेले पान वजनाखाली वेडेवाकडे ताणले जाते आणि वाळताना तसेच आक्रसते. दसऱ्यानंतर सुरुवात केली तर पुढच्या पावसाआधी सीट रुळलेली असते. मागच्या चाकाला पूर्ण लांबीचा मडगार्ड हवाच. वरून पडलेल्या सरीपेक्षा खालून उडालेल्या चिखलाने सीट जास्त खराब होते. पावसात सायकल उभी करताना सीटवर प्लॅस्टिकची पिशवी बांधा आणि ऊन पडले की लगेच काढा. तरीही भिजलीच तर पुसून सावलीत, वाऱ्याला एक-दोन दिवस वाळू द्या. उन्हात, चुलीजवळ किंवा केस वाळवायच्या यंत्राने वाळवली तर तडे जातात. पूर्ण वाळल्यावर मलमाचा एक पातळ हात. ओल्या सीटवर किल्ली किंवा पाना ठेवू नका, लोखंड आणि टॅनिन मिळून काळा डाग पडतो आणि तो जात नाही.

पावसाळ्यात सायकल बंद ठेवणार असाल तर सीट काढून, सुती कापडात सैल गुंडाळून, वारा खेळेल अशा खोलीत टांगा. प्लॅस्टिकमध्ये किंवा बंद कपाटात आठवडाभरात बुरशी धरते. बुरशी आलीच तर घराबाहेर नेऊन कोरड्या फडक्याने झटका, व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात पिळलेल्या कापडाने पुसा, सावलीत वाळवा आणि मग मलम लावा. जांभ्याची तांबडी धूळ मात्र मलम लावण्याआधी नीट झटका, नाहीतर ती मलमात बसून कपड्याला आणि चामड्याला दोन्हींना घासते.

ज्यांना बाराही महिने, भर पावसात सायकलनेच कामाला जायचे आहे त्यांनी चामड्याच्या मागे लागू नये, असे आम्हाला वाटते. रबर आणि कॅनव्हासची सीट त्याच तत्त्वावर बनते, रुळवावी लागत नाही आणि पाण्याला भीत नाही. लांबच्या प्रवासात रुळलेल्या चामड्याची सर तिला येत नाही, पण आषाढात ती निश्चिंत ठेवते.

सायकल दुकानदारांना आपल्या पत्रातून एक विनंती पोचावी. चामड्याची सीट विकताना ताणाचा पाना आणि मलमाची डबी बरोबर द्या, गिऱ्हाईकाला पुठ्ठ्यावर बसवून रुंदी मोजा, आणि तेल न लावण्याबद्दल चार ओळींची मराठी चिठ्ठी खोक्यात टाका. शिवाय जुन्या रोडस्टर सायकलींच्या झोळ झालेल्या चामड्याच्या सीटा अजून अनेक घरांच्या पडवीत पडून आहेत. रिव्हेटांपाशी चिरलेल्या नसतील तर त्या भंगारात घालू नका. एसटी स्टँडजवळच्या मोचीकडून दोन्ही पदरांच्या खालच्या कडेला समोरासमोर चार-चार भोके पाडून घ्या. ती कडेपासून एक सेंटिमीटर आत असावीत, त्याहून जवळ पाडली तर चामडे फाटते. मग बुटाची नाडी खालून ओवून पदर आत ओढून बांधा. फाकलेले पदर आवळले की मधला भाग वर उचलला जातो, आणि नटला हातही न लावता सीट पुन्हा बसण्याजोगी होते.

आपले,
सायकलदुरुस्ती करणारे आणि सायकल चालवणारे काही वाचक,
रत्नागिरी