स्पॅनिश मराठीतून शिका, आणि निघण्याआधीच

मा. संपादक,
स.न.

शिक्षणासाठी स्पेनला जाऊ पाहणाऱ्या आपल्या भागातल्या मुलामुलींना हमखास एक सल्ला मिळतो : ‘आधी पोच, भाषा तिथे आपोआप येईल.’ हा सल्ला महागात पडतो. भाषेची सर्वांत जास्त गरज पहिल्याच महिन्यात लागते, आणि तीही वर्गात नाही, सरकारी कचेरीच्या खिडकीवर.

सहा महिन्यांपेक्षा जास्त राहणाऱ्या विद्यार्थ्याला स्पेनमध्ये उतरल्यापासून महिन्याभरात टीआयई या ओळखपत्रासाठी अर्ज करावा लागतो. त्यासाठी आधी ऑनलाइन वेळ घ्यायची. तिला तिथे ‘थिता प्रेबिया’ म्हणतात. मोठ्या शहरांत ती लवकर मिळत नाही, म्हणून पहिल्या आठवड्यातच मागे लागावे. सोबत ईएक्स-17 हा अर्ज, 790-012 या चलनाने भरलेल्या शुल्काची पावती, फोटो, पासपोर्ट आणि राहत्या पत्त्याची नगरपालिकेतली नोंद, म्हणजे ‘एम्पाद्रोनामिएन्तो’. बहुतेकांचे घोडे या नोंदीपाशी अडते. करार न करता खोली देणारा घरमालक ती करू देत नाही, आणि हे कळेपर्यंत घरच्यांनी कापूस विकून दिलेल्या पैशांतून अनामत भरून झालेली असते. म्हणून पैसे देण्याआधी विचारायचे एक वाक्य तोंडपाठ हवे : ‘मे पुएदो एम्पाद्रोनार आकी?’ म्हणजे, मला या पत्त्यावर नोंद करता येईल का? उत्तर ‘नो’ आले तर खोली कितीही स्वस्त असो, सोडून द्यावी.

अर्जावर नावाचे तीन रकाने असतात : पहिले आडनाव, दुसरे आडनाव, नाव. स्पॅनिश माणसाला वडिलांकडचे एक आणि आईकडचे एक अशी दोन आडनावे असतात. आपला विद्यार्थी दुसऱ्या रकान्यात वडिलांचे नाव टाकतो आणि मग कार्ड पासपोर्टशी जुळत नाही. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’पुढे जे छापले असेल (बहुधा स्वतःचे आणि वडिलांचे मिळून) ते सगळे ‘नोम्ब्रे’मध्ये लिहावे, आडनाव ‘प्रिमेर आपेयिदो’मध्ये, आणि ‘सेगुन्दो आपेयिदो’ रिकामा ठेवावा. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असते. तिच्यावरून नाव उतरवू नये.

आता शिकण्याविषयी. आपल्याकडे स्पॅनिश शिकवतात ती इंग्रजीच्या आधाराने, आणि नुकसान तिथेच होते. स्पॅनिशमधले त आणि द हे आपलेच, दातांना जीभ लावून म्हणायचे त आणि द आहेत. इंग्रजीच्या सवयीने मुले त्यांचे ट आणि ड करतात. स्वर पाचच : आ, ए, इ, ओ, उ. ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ बदलत नाही.

वाक्यरचनेत तर मराठी फारच कामी येते. ‘मे गुस्ता एल ते’ म्हणजे मला चहा आवडतो. ‘मे गुस्तान लास नारान्खास’ म्हणजे मला संत्री आवडतात. क्रियापद माणसाप्रमाणे चालत नाही, आवडलेल्या वस्तूप्रमाणे चालते, दोन्हीकडे. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे उलटे वाटते, आपल्याला वाटायचे कारण नाही. तसेच आपण ‘मी घर पाहतो’ म्हणतो, पण ‘मी बाईंना पाहतो’. माणूस कर्म असला की आपण प्रत्यय लावतो, स्पॅनिशमध्ये तिथे ‘आ’ येतो : ‘बेओ ला कासा’, ‘बेओ आ ला प्रोफेसोरा’. विशेषण लिंग-वचनाप्रमाणे बदलते हेही आपल्याला नव्याने समजावून सांगावे लागत नाही. एवढी तयारी घरात असताना मुलांनी इंग्रजीच्या भीतीने स्पॅनिशपासून दूर राहावे, याचे खरोखर वाईट वाटते.

मराठीचा उपयोग होत नाही अशा जागांवर मात्र जास्त मेहनत घ्यावी. आपल्या एका ‘आहे’ला तिथे दोन क्रियापदे आहेत. ओळख, व्यवसाय, मूळ गाव हे ‘सेर’ने सांगायचे, प्रकृती, अवस्था आणि वस्तू कुठे आहे हे ‘एस्तार’ने. लिंगे दोनच आणि ती आपल्याशी जुळतीलच असे नाही. हाताला तिथे ‘ला मानो’ म्हणतात, तो स्त्रीलिंगी. म्हणून प्रत्येक नाम ‘एल’ किंवा ‘ला’सकट पाठ करावे. जेवताना ‘सिन कार्ने’, म्हणजे मांसाशिवाय, एवढेच सांगून शाकाहारी माणसाचे भागत नाही. ताटात हॅम (डुकराचे मांस) किंवा टूना मासा येऊ शकतो. ‘सिन खामोन, सिन आतुन’ असे नाव घेऊन सांगावे.

रोज तासभर दिला तर सहा महिन्यांत 180 तास होतात. तेवढ्यात नेटाने अभ्यास करणारा ए-2 पातळीपर्यंत, म्हणजे भाषेच्या युरोपीय मोजपट्टीवरच्या दुसऱ्या पायरीपर्यंत, पोचू शकतो. उच्चार देवनागरीत लिहायचा तो पहिले दोन आठवडेच, नंतर सोडावा, नाहीतर स्पेलिंग कधीच बसत नाही. निम्मा वेळ ऐकण्या-बोलण्याला द्यावा. डेले या स्पॅनिश भाषेच्या प्रमाणपत्र परीक्षेत वाचन-लेखन हा एक गट आणि श्रवण-संभाषण हा दुसरा. दोन्हींत 50 पैकी 30 गुण वेगवेगळे लागतात, त्यामुळे नुसते व्याकरण पक्के असलेला विद्यार्थी दुसऱ्या गटात अडकतो. डेलेचे प्रमाणपत्र कायमचे असते, सिएले या दुसऱ्या स्पॅनिश परीक्षेचे पाच वर्षांपुरते. शिवाय बार्सिलोना निवडताना तिथल्या विद्यापीठांत बरेच विषय कातालान या तिथल्या प्रादेशिक भाषेतून शिकवतात हे आधी तपासावे.

तालुक्याच्या महाविद्यालयांना विनंती आहे, की असा एक वर्ग सुरू करावा आणि त्यात मराठीच्या प्राध्यापकांनाही सोबत घ्यावे. स्पेनमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे हिवाळ्यात दीड आणि उन्हाळ्यात साडेबारा झालेले असतात. तिथल्या शिक्षकांशी ऑनलाइन बोलण्याचा सराव कॉलेजच्या वेळेतच बसवता येईल.

– एक भाषाशिक्षक, आर्वी (जि. वर्धा)