पोरांना जरा अडू द्या

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. मी इंदूरला रामबागेत राहते, गेली २२ वर्षं घरीच सहावी ते आठवीच्या मुलांची गणिताची ट्यूशन घेते. मागच्या आठवड्यात एका आईचा फोन आला, काकू माझी मुलगी अर्धा तास एकाच गणितावर अडून बसली होती, तुम्ही सांगून का नाही टाकलं, मग फी कशाची? फोनवर मला नीट सांगता आलं नाही म्हणून इथे लिहितेय.

गणित होतं अर्धा भागिले पाव. मुलीनं झटकन एक अष्टमांश लिहिलं, अगदी खात्रीनं. चुकलंय म्हटल्यावर म्हणाली, "पण काकू, भागल्यावर तर कमीच व्हायला पाहिजे ना!" हा समज पूर्णांकांचे भागाकार करून करून पक्का बसलेला असतो आणि मी नुसता नियम सांगितला असता तर तो तसाच आत राहिला असता. दोनदा खोडलं, वैतागली, रडायची बाकी होती, तेव्हा मी आतून अर्धी पोळी आणून दिली आणि विचारलं, यातून पाव पोळीचे तुकडे किती निघतील? तिनं पोळी फाडली, दोन तुकडे हातात धरून गप्पच बसली, मग म्हणाली, "म्हणजे भागल्यावर वाढू पण शकतं?" आणि लगेच आपणहून, "मग पाव भागिले अर्धा केलं तर?"

त्याच बॅचमधल्या एका मुलाला कोचिंगमध्ये "पलटाकर गुणा कर दो" एवढंच शिकवलंय. महिन्यापूर्वी फटाफट करत होता, परवा याच गणितात त्यानं दुसऱ्याऐवजी पहिलाच अपूर्णांक पलटवला आणि उत्तर आलं अर्धा. चुकलंय हे त्याला कळायला काही मार्गच नाही हो!

मनु कापूर म्हणून संशोधक आहेत, आधी सिंगापूरला होते, आता झुरिकच्या ईटीएच या विद्यापीठात आहेत, त्यांनी २००८ पासून हेच मांडलंय. मुलांना न शिकवता आधी प्रश्न दिला तर बहुतेकांचं चुकतं, पण नंतर शिकवल्यावर आधी शिकवलेल्या मुलांपेक्षा त्यांना ती कल्पना जास्त खोल समजते. नंतर शिकवायचं मात्र नक्की, मुलांनी काय काय करून पाहिलं ते समोर ठेवून. नुसतं सोडून दिलं तर मूल हताश होतं, त्या पालकांची काळजी मला कळते. आणि खात्रीनं केलेली चूक दुरुस्त झाली की बरोबर उत्तर जास्त पक्कं लक्षात राहतं हेही २००१ मध्ये बटरफील्ड आणि मेटकाफ या संशोधकांनी प्रयोगातून दाखवलंय.

आणि आपल्याकडे काय, तर एका शाळेत वहीत खाडाखोड दिसली की पान फाडून परत लिहायला लावतात! मूल कुठे अडलं होतं ते त्या फाडलेल्या पानावरच असतं ना.

आमच्या इंदूरच्या भंवरकुआँ भागातल्या कोचिंगवाल्यांना, शाळांना आणि पालकांना माझी कळकळीची विनंती आहे, नवीन धडा सुरू करताना रीत सांगायच्या आधी दहा मिनिटं एक गणित मुलांच्या हातात द्या, तेव्हा मोबाईलवरचं सोल्यूशन बंद ठेवा, आणि ते कच्चं पान तपासून मुलांकडेच राहू द्या.

आपली,
एक वाचक, रामबाग, इंदूर