ताई, तुम्ही लिहून दिलेल्या त्या चार ओळी

ताई, सप्रेम नमस्कार.

आईचं ऑपरेशन झालं. कॅन्सर गर्भाशयाच्या अस्तरातच होता, बाहेर पसरला नव्हता. 'वेळेवर आणलंत' असं डॉक्टर म्हणाले. ते श्रेय तुमचं आहे, म्हणून हे पत्र सगळ्यांदेखत लिहितेय.

सोलापूरच्या विडी घरकुलात, आम्हा विडी कामगारांच्या वसाहतीत, तुम्ही बोलायला आलात तेव्हा बायका मांडीवर सूप घेऊनच बसल्या होत्या. तुम्ही कुणालाही हात थांबवायला लावले नाहीत. मध्येमध्ये थांबून शेजारच्या काकूंना तेलुगूत सांगायला वेळ दिलात. आपल्या शेजारच्या, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या सव्वा लाखाहून जास्त बायका एका अभ्यासात होत्या, एचपीव्ही या विषाणूची तपासणी एकदा जरी झाली तरी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू निम्म्यावर येतात हे २००९ साली त्यातून जगाला कळलं, असं तुम्ही सांगितलंत आणि कितीतरी माना वर झाल्या. मग म्हणालात, अस्तराच्या कॅन्सरला अशी सरसकट तपासणी नाही; पाळी गेल्यावर अंगावरून लाल जाणं हीच त्याची खूण, थेंबभर असलं तरी दाखवायचं.

आईला ते कधीपासून जात होतं. आधी एका दवाखान्यात गेलो होतो. बाहेर बाकावर पुरुष बसलेले, आणि तिथूनच मोठ्याने विचारलं, "काय होतंय?" आई म्हणाली, कंबर दुखते. आत मी हळूच खरं सांगितलं, तर डॉक्टरांनी मान वर न करता "वयोमानाने होतं" म्हणून ताकदीचं औषध लिहून दिलं. तपासलं नाही. तो राग माझ्या मनातून अजून जात नाही.

तुमचं बोलणं संपल्यावर आई तुमच्या कानाशी लागली. तुम्ही वहीचं पान फाडून ती बोलली तसंच लिहून घेतलंत: "पाळी जाऊन लई वर्षं झाली. आता परत लाल जातंय. दुखत नाही. सांगायला लाज वाटते." वाचून दाखवलंत, "असंच ना?" म्हणून विचारलंत, आणि खाली सही आईची घेतलीत. ती तेवढंच लिहायला शिकलीय.

दुसऱ्या दवाखान्यात आईने तोंड उघडलंच नाही. तो कागद टेबलावर ठेवला. डॉक्टरीणबाईंनी तो पूर्ण वाचला, उठून दार लावलं आणि मगच तपासायला घेतलं. पुढचं सगळं त्यानंतर सुरळीत झालं.

तुम्ही लिहिणाऱ्या आहात. आईचं म्हणणं नीटनेटक्या भाषेत मांडणं तुम्हाला काय अवघड होतं? पण तुम्ही तिचं 'लई'सुद्धा तसंच ठेवलंत. विड्या वळणाऱ्या बाईचं बोलणं जसंच्या तसं डॉक्टरांपर्यंत जावं असं वाटणारी माणसं सोलापुरात आहेत, याचा मला फार आधार वाटतो.

आमच्या गल्लीतल्या मुलींच्या एचपीव्हीच्या लशीबद्दलही बायकांना विचारायचंय. नऊ ते चौदाच्या वयात दोन डोस पुरतात हे तुमच्याच तोंडून त्यांना ऐकायचंय. परत या. बायका गोळा करायचं काम आईने स्वतःकडे घेतलंय.

तुमची,
एका विडी कामगाराची लेक