ठमीचा स्वॅब घे, मग बाकी बोलू

प्रिय सम्या,

फोन केला असता तर पहिल्या दोन मिनिटांत तू "अरे काही होत नाही त्याला" म्हणून विषय मिटवला असतास, मग मी चिडलो असतो, आणि मग आपण परत त्या हीट रॉकवर, म्हणजे टाकीतल्या त्या गरम होणाऱ्या दगडावर येऊन भांडलो असतो. म्हणून लिहितोय. शेवटपर्यंत वाच, मधेच रिप्लाय टाइप करायला घेऊ नकोस. इतके महिने काही कळवलं नाही त्याच्या शिव्या नंतर सावकाश घाल. मी बरा आहे, बीपी कंट्रोलमध्ये, पाठ आहे तशीच आहे. आजारी तात्या आहे, आपला बॉल पायथन.

आणि आजारी म्हणजे "जेवत नाही" वालं आजारी नाही. ते उपास आपण दोघांनी पुरेपूर बघितलेत. थंडी पडली की उंदीर समोर धरला तरी साहेब तोंड फिरवून हाइडमध्ये, त्या लपायच्या खोपटात, आणि पहिल्या वर्षी तू रात्री डॉक्टरांना उठवून "साप डिप्रेशनमध्ये जातो का" असं विचारलं होतंस, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. बॉल पायथनचा नर मेटिंगच्या सीझनमध्ये महिनोन् महिने खात नाही आणि तरी वजन फारसं हलत नाही, हे आपल्याला त्या वजनाच्या वहीमुळेच कळलं. निल्या जिला सासूबाईंचा हिशोब म्हणायचा तीच वही. यावेळी पहिली गडबड तिच्यातच दिसली. उपास धरला तेव्हा तात्या १,४६० ग्रॅम होता. मग १,४३०, मग १,३८०, आणि आता १,२९०. दहा टक्क्यांच्या वर गेलं. नुसत्या उपासात इतका कधीच उतरला नाही तो, मागची सगळी पानं चाळून बघितली.

पण वजनाच्याही आधी आवाज सुरू झालेला. बारीक शिट्टी, श्वास आत घेताना. तेव्हा त्याचे डोळे दुधाळ झालेले, पोट गुलाबी, रंग मळका, म्हणजे कात यायला आलेली, आणि कातेच्या आधी नाकपुडीतली जुनी कातडी सुटायला लागली की थोडा आवाज येतोच, आता तुझ्याकडे असलेल्या सापिणीचा, ठमीचाही यायचा. म्हटलं कात पडू दे. पडली, आणि काय पडली, एकसलग, कुठे फाटली नाही. उजेडाला धरून डोळ्यांवरच्या दोन्ही काचा त्यात आल्यात का बघितलं, आल्या होत्या. आवाज मात्र गेला नाही.

त्यानंतर एकदा रात्री पाणी प्यायला उठलो, त्या खोलीतला लाइट लावला तर हा हाइडच्या बाहेर, अंग भांड्याच्या कडेला टेकवलेलं आणि मान सरळ वर. छताकडे. जीभ पण काढत नव्हता. सम्या, मला घाम फुटला, कारण डोक्यात पहिला शब्द आला स्टारगेझिंग, आणि त्या शब्दाच्या मागून काय येतं ते तुला सांगायला नको. आयबीडी, सापांचा तो जीवघेणा व्हायरल रोग. त्या बोआ साप पाळणाऱ्याकडून तू परत आलास तेव्हा दोन दिवस बोलला नव्हतास. बोआ ते वर्षानुवर्षं अंगात घेऊन ठणठणीत फिरतात, आणि पायथनला झालं की थेट मेंदू, काही आठवड्यांत खेळ खलास. कारण तरी कुठे माहीत होतं लोकांना, २०१२ ला कळलं की हा अरेनाव्हायरसचा प्रकार आहे.

तर रात्री त्या अवतारात मी त्याला हळूच बाहेर काढला आणि टेबलावर उताणा केला. तीच जुनी टेस्ट. मेंदूला काही झालेलं असेल तर साप तसाच पोट वर करून पडून राहतो, सुलटं व्हायला जमत नाही त्याला. हा एका झटक्यात डोक्याकडून वळत वळत शेपटीपर्यंत सुलटा झाला आणि माझ्याकडे बघून फुस्स केलं. आयुष्यात फुस्स ऐकून इतका आनंद कधी झाला नव्हता. माइट्स, ते रक्त पिणारे बारीक किडे, पण बघितले, टिश्यू ओला करून हनुवटीखालून आणि डोळ्यांच्या कडेने फिरवला, एक काळा ठिपका नाही. (त्यावरून आठवलं, तो दिवसचे दिवस पाण्यात बसून राहायचा तेव्हा "तात्याला पोहायला आवडतं" म्हणून त्याचे व्हिडिओ कोण काढत होतं? आणि नंतर भांड्याच्या तळाशी ते बुडालेले माइट्स कोणी दाखवले? बास, एवढंच.)

मग डॉक्टर. पहिल्यांनी लांबूनच बघितलं आणि व्हिटॅमिन लिहून दिलं, त्यांच्याबद्दल मी काही बोलत नाही. दुसऱ्या बाई सापांचं खरंच बघतात. त्यांनी प्लॅस्टिकची पट्टी घालून तोंड उघडलं तेव्हा मी वाकून आत बघितलं. खाली जिभेच्या मागे ती श्वासाची नळी उघडते ना, तिच्या तोंडाशी बुडबुडा. श्वास सोडला की फुगायचा, घेतला की आत. आणि वरच्या खालच्या जबड्यामध्ये चिकट लाळेची तार, तुटतच नव्हती. हिरड्या तेवढ्या स्वच्छ होत्या, कुठे रक्ताचे ठिपके नाहीत, दह्यासारखा पू नाही, म्हणजे माउथ रॉट नाही. एक्स-रेमध्ये फुफ्फुस धुरकट.

बाईंनी सांगितलेलं मला इतकं साधं वाटलं की आपल्याला आधी का नाही सुचलं. सापाला आपल्यासारखा डायफ्राम नाही. खोकता येत नाही. छातीत साठलेला कफ बाहेर टाकायची सोयच नाही त्याच्याकडे, मग तो एकच करू शकतो, मान वर करून नळी सरळ ठेवायची. बुडणारा माणूस नाक पाण्यावर ठेवतो तसं. म्हणजे त्या रात्री तो तारे बघत नव्हता, श्वास घेत होता. आणि बघ ना, हे प्राणी शेवटपर्यंत लपवतात सगळं. कुत्रं असतं तर पंधरा दिवस आधी कण्हलं असतं. याने फक्त रोजच्या वागण्यातली एक-एक गोष्ट बदलली, गरम बाजू सोडेनासा झाला, रात्रीची फेरी बंद, जीभ कमी काढायला लागला, आणि हे फक्त त्यालाच दिसणार ज्याला त्याचं रोजचं माहितीये. नेटवर लक्षणं वाचून हे नाही कळत. बॉल पायथन तसेही दिवसभर पडलेलेच असतात, "सुस्त आहे का" या प्रश्नाला काय उत्तर देणार?

आता अँटिबायोटिकची इंजेक्शनं चालू आहेत, सेफ्टाझिडीम, दर ७२ तासांनी एक. मी देतो, प्राची धरते. हो, तीच प्राची जी त्याच खोलीत जायची नाही. ती आता त्याची मान अशी हलक्या हाताने धरते की मला लाज वाटते. सुई पुढच्या अर्ध्या अंगात, पाठीच्या कण्याच्या बाजूच्या मांसात, खवला जरा उचलून त्याच्या खालून, मागच्या भागात नाही, कारण तिकडचं रक्त आधी किडनीतून फिरून येतं. तापमान गरम बाजूला ३२ आणि रात्री पण उतरवत नाही, कारण सापाचं शरीर थंड असेल तर औषधही काम करत नाही आणि त्याची स्वतःची प्रतिकारशक्तीही झोपा काढते. तू म्हणशील मी आधीपासून सांगत होतो गरम ठेव. तू गरम ठेव नव्हतास म्हणत, तू थर्मोस्टॅट नसलेला हीट रॉक आणून ठेवला होतास. पोटावरचे ते तीन पांढरट खवले अजून तसेच आहेत. पोटाखालून भाजतंय हे सापाला वेळेत कळत नाही, बसून राहतो शहाणा. तर ते भांडण मीच जिंकलोय, विषय संपला.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते.

बाई म्हणाल्या की बॅक्टेरिया सापडले तरी ते बऱ्याचदा नंतर आलेले असतात, आधी दार उघडून देणारं दुसरंच कोणीतरी असतं. टाकीत थंडी पडली, ओल जास्त झाली तर तेही कारण असू शकतं, पण आपल्याकडे गरम बाजू, थंड बाजू, ह्युमिडिटी सगळ्याचे आकडे वहीत आहेत आणि त्यांनी ते बघून मान डोलावली. मग उरतो सर्पेंटोव्हायरस. लोक अजून निडोव्हायरसच म्हणतात. २०१४ पर्यंत पायथनमध्ये असं काही असतं हे कोणी लिहिलेलंही नव्हतं, तोवर सगळे "न्युमोनियाने गेला" म्हणायचे. आरएनए व्हायरस, थुंकी-लाळेतून, श्वासातून, भांड्यातून, चिमट्यातून पसरतो. औषध नाही. आणि साप महिनोन् महिने धडधाकट दिसत हिंडतो. तात्याच्या घशातला स्वॅब पीसीआरला गेलाय, रिपोर्ट यायचाय, आणि एकदा निगेटिव्ह आला तरी परत करायचा, कारण व्हायरस कधी सापडतो कधी नाही.

आलं का लक्षात? ठमी, सम्या. तू तिला घेऊन गेलास त्याच्या आदल्या दिवसापर्यंत ती त्याच रॅकवर होती, दोघांना एकाच चिमट्याने उंदीर दिले आपण. तुझ्याकडे कदाचित तिला काहीच झालेलं नसेल. ती मस्त खात असेल, तू म्हणशील घोड्यासारखी आहे. ते मला पुरत नाही. आणि वरून स्नेहाच्या स्टेटसवर तो हिरवा बघितला. ग्रीन ट्री पायथन! अरे या व्हायरसने सगळ्यात जास्त हाल त्यांचेच केलेत. त्याला ठमीच्या खोलीत ठेवलाय का? फोटोत मागे तिच्या टाकीचा कोपरा दिसतोय असं मला वाटतंय, झूम करून करून डोळे गेले.

आज काय करायचं सांगतो. हिरव्याला दुसऱ्या खोलीत. भांडी, हुक, चिमटे दोघांचे वेगळे, आणि रोज आधी त्याचं आवरायचं, मग तिचं, उलटं नाही, मधे हात धुवायचे. ठमीचा तोंडातला स्वॅब घ्यायला लाव, ती कितीही छान दिसत असली तरी. हिरव्याचाही, तो कुठून आला कोणास ठाऊक, तूही विचारलं नसशील, रंग बघून पाघळला असशील. आणि रात्री सगळं शांत झालं की दोघांच्या टाकीला कान लावून ऐक. हसू नकोस. मी रोज लावतो.

बबनला मी बाहेरच्या खोलीत हलवलाय. कॉर्न स्नेकना हा व्हायरस सहसा त्रास देत नाही म्हणतात, पण बबनचं काय सांगावं, तो परवाच झाकण ढकलून पुस्तकांच्या मागे जाऊन बसलेला. म्हणजे त्याची तब्येत उत्तम.

आणि एक गोष्ट फोनवर मला बोलता आली नसती. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर? बाईंनी त्याला कायमचं झोपवायचा विषय काढला, जबरदस्ती नाही केली, फक्त काढला. घरात खूप साप असणाऱ्यांसाठी त्यात अर्थ आहे, मला पटतं ते. पण कागदावर पॉझिटिव्ह आहे एवढ्यासाठी मी करणार नाही. तो वेगळा राहील, वेगळ्या खोलीत, शेवटपर्यंत. तोंड उघडून श्वास घ्यायला लागला आणि इंजेक्शनांनीही थांबेना, तर मग मात्र मी तुझी वाट बघत बसणार नाही. आपण त्याला मिळून आणलाय म्हणून हे तुला आधी सांगतोय. तुझं मत वेगळं असेल तर आत्ता भांड, नंतर नको. हे प्राणी किती जगतात माहितीये ना, अमेरिकेत सेंट लुइसच्या झूमधल्या म्हाताऱ्या बॉल पायथन मादीने २०२० मध्ये साठी उलटल्यावर अंडी घातली, आणि कितीतरी वर्षांत नर जवळही आलेला नव्हता तिच्या. आपला तात्या तर अजून पोरगा आहे त्या मानाने.

काकू विचारत होत्या तुझ्याबद्दल. त्यांना अजून वाटतं की तात्या आडवा ताणून झोपतो तेव्हा माझं माप घेत असतो. मी म्हटलं काकू, साडेतीन फुटांचा प्राणी आहे, एक उंदीर गिळला की आठवडाभर हलत नाही, माझं माप घेऊन करणार काय. त्या म्हणाल्या, धीर धरतो तो.

नव्या नोकरीचं अभिनंदन, आईंचा गुडघा कसा आहे, ऑपरेशनचं काय ठरलं ते कळव. घर मस्त आहे, खिडकी मोठी आहे, तिथे टाकी ठेवू नकोस, काचेत ऊन आलं की तासाभरात भट्टी होते. स्नेहाला हे पत्र वाचायला दे, ती तुझ्यापेक्षा लवकर हलेल.

तात्याने काल पहिल्यांदा गरम बाजू सोडून रात्रीची फेरी मारली, अर्धी. वजन १,२९६. सहा ग्रॅम म्हणजे प्यायलेलं पाणी असेल, मी आशा वगैरे लावून बसलेलो नाही, फक्त वहीत लिहिलं.

ठमीचं वजन मेसेज कर. अंदाजे नको, काट्यावर ठेवून.

तुझा,
विन्या