जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गच्या मिस्त्रींना

आदरणीय मिस्त्री,
सप्रेम नमस्कार वि. वि.

हे पत्र माझी लेक तुम्हाला जर्मनमध्ये वाचून दाखवील. मराठीत लिहून सगळ्यांसमोर ठेवतोय, कारण आमच्याकडून पुष्कळ आईबाप हल्ली मुलांकडे जर्मनीला जातात. त्यांनाही कळू दे. 'मिस्त्री' म्हटल्याचा राग मानू नका. सार्वजनिक बांधकाम खात्यात 31 वर्षं काढलेल्या माणसाकडे याहून मोठी पदवी नाही. साहेब बदलीवर जातात, काम मिस्त्रीच्या हातात असतं.

जूनमधली ती दुपार तुम्हाला आठवत असेल. लेक ऑफिसात, आम्ही दोघं शहर बघायला निघालेलो. दगडी पुलाच्या बुरुजाशी येईपर्यंत हिला चक्कर आली. तुम्ही कट्ट्यावर बसला होतात. काही न विचारता उठलात, हिला सावलीत बसवलंत, पाणी आणून दिलंत आणि माझ्या फोनवरून लेकीला फोन लावायला लावलात. एवढ्यावर तुम्ही घरी गेला असतात तरी हे पत्र लिहिलंच असतं. पण ही सावरल्यावर मी सवयीने वाकून पुलाच्या कमानी मोजायला लागलो आणि ते तुम्ही पाहिलंत.

मी 15 मोजल्या. तुम्ही मान हलवून बोटांनी 16 दाखवल्यात; एक कमान काठावरच्या बांधकामात कधीच गडप झालीय. मग फोनमधल्या भाषांतराची मजा सुरू झाली. मी विचारलं, "पुलाचा पाया कसा आहे?" आणि फोनने तुम्हाला काय सांगितलं देव जाणे, तुम्ही आधी माझ्या बुटांकडे पाहिलंत, मग स्वतःच्या. नंतर आपण फोन खिशात टाकला आणि हातवारे चालू केले. तुमचे तळवे पाहिले तेव्हाच ओळखलं होतं की या माणसाने आयुष्यभर दगड घडवलाय. तुमचा धंदा पाथरवटाचा हे लेकीने नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला तुम्ही हजर. पूल बघायचा तर खालून, हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य. 1135 साली कामाला हात घातला, 1146 मध्ये पुरा झाला. म्हणजे आमच्याकडे देवगिरीला यादवांची राजधानी व्हायच्याही आधी. 1135 चा उन्हाळा कोरडा होता, डॅन्यूब आटली होती, ती संधी त्यांनी साधली. आम्हीही पुलांचे पाये उन्हाळ्यातच उरकायचो, पाऊस तोंडावर आला की रात्रपाळी लावून. खांबांभोवती दगडांची आणि लाकडी खुंटांची जी बेटं केलीत, ती तुम्ही काठीने दाखवलीत. पाण्याने खांबाखालची माती पोखरू नये म्हणून ती. पण त्याने नदीची वाट अरुंद झाली, पाणी उसळून निघतं आणि पुढे भोवरे पडतात. त्या भोवऱ्यांनी शतकानुशतकं नावाड्यांचा जीव खाल्ला आणि त्याच धारेवर पाणचक्क्याही चालल्या. 

तिथे उभा असताना मला सावित्री आठवली. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना दगडी कमानींचा पूल पुरात वाहून गेला, त्याच्याबरोबर दोन एसटी गाड्या, माणसांसकट. तो पूल माझ्या हद्दीतला नव्हता. तरी त्या रात्रीनंतर कित्येक दिवस झोप लागली नव्हती. हे सगळं तुम्हाला हातवाऱ्यांनी कसं सांगणार? मी फक्त पूल, पाणी आणि नाही, एवढंच करून दाखवलं. तुम्ही टोपी काढलीत.

तुमच्या पुलावर 1997 पासून मोटारी बंद, 2008 पासून बसही बंद, मग 2010 ते 2018 आठ वर्षं दुरुस्ती. 1945 च्या एप्रिलमध्ये तुमच्याच सैन्याने माघार घेताना काही कमानी उडवल्या होत्या; त्या पूर्ववत व्हायला 1967 उजाडलं. तुम्ही दगडांतला फरक दाखवत होतात आणि मी उगाच मान डोलावत होतो. खरं सांगू? मला तो दिसला नाही. हिरवट वाळूचा दगड कुठला आणि चुनखडीचा कुठला, एवढं मात्र आता ओळखतो. नंतर तोच हिरवट दगड तुम्ही कॅथेड्रलच्या भिंतीतही दाखवलात, जिथे तो पापुद्रे सुटून झिजतोय.

कॅथेड्रल आणि पुलाच्या पैजेची ती गोष्ट हिला फार आवडली. पूल बांधणारा आणि कॅथेड्रल बांधणारा यांची पैज, पुलवाल्याने सैतानाची मदत घेतली, मोबदल्यात पुलावरून जाणारे पहिले तीन जीव. आणि शेवटी त्याने सोडले कोंबडा, कोंबडी नि कुत्रा. चिडून सैतानाने पूल खालून ढकलला, म्हणून मध्ये कुबड. आमच्या लहानपणीही पुलाचं काम निघालं की 'बळी लागतो' म्हणून पोरांना घराबाहेर सोडत नसत. फक्त कॅथेड्रलचं काम पुलानंतर शंभरहून अधिक वर्षांनी सुरू झालं, तेव्हा पैज लागली कधी, ही माझी तांत्रिक हरकत होती. तुम्ही हसत हसत ती फेटाळलीत.

पुलाशेजारच्या त्या सॉसेजच्या खानावळीत आम्ही शाकाहारी माणसांनी पाव नि आंबवलेला कोबी खाल्ला. ती मुळात पुलाच्या कामाची कचेरी होती म्हणतात. म्हणजे साइट ऑफिस! भिंतीवरच्या पुराच्या खुणा बघून मला घरी आल्यासारखं वाटलं. नंतर तुम्ही हिच्यासाठी सफरचंदाचं श्ट्रूडल मागवलंत आणि बोट गोल फिरवून नदीकडे दाखवलंत. भोवऱ्याला आणि त्या गोड गुंडाळीला तुमच्याकडे एकच शब्द, हे कळल्यावर हिने अर्धं माझ्यासाठी ठेवलं नाही.

रोमन वेशीबद्दल थोडंच लिहितो. सम्राट मार्कस ऑरेलियसच्या काळातली, इ. स. 179 ची. नंतरच्या भिंतींत गाडली गेलेली ती 1885 मध्ये उजेडात आली. एवढाले चिरे, आणि तुम्ही त्यांच्यावरून हात फिरवलात तो गोठ्यातल्या बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. जुन्या टाउन हॉलमध्ये 1663 ते 1806 पवित्र रोमन साम्राज्याची सभा भरत राहिली आणि विषय 'लांब बाकावर' ढकलले जात, ही म्हण मी लगेच समजलो. आमच्याकडे घोंगडं भिजत ठेवतात.

नॉयफारप्लात्झच्या चौकात मात्र मी चुकलो. पांढरं, गुडघाभर उंचीचं बांधकाम, त्यावर पोरं आइस्क्रीम खात बसलेली. मला वाटलं, काम जोत्यापर्यंत येऊन अनुदानाअभावी थांबलंय. तसं म्हणालोही. तुम्ही हसला नाहीत. लेकीला फोन लावून तिच्याकरवी सांगितलंत: इथे ज्यूंची वस्ती होती. 1519 मध्ये त्यांना हाकलून दिलं, सिनेगॉग, म्हणजे त्यांचं प्रार्थनास्थळ, पाडलं. दानी काराव्हान या इस्रायली शिल्पकाराने 2005 मध्ये त्याच जागी तो आराखडा जमिनीवर पुन्हा उभा केला. मग तुम्ही मला खांबांच्या जागा पावलांनी मोजून दाखवल्यात, एकेक. पुलावर इतका बोलणारा माणूस तिथे गप्प होता.

निघताना तुम्ही पिशवीतून तुमची दगड घडवायची जुनी टाकी काढून माझ्या हातात दिलीत, नुसती बघायला. माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं, त्याची चुटपुट साताऱ्यापर्यंत आली. म्हणून लेकीबरोबर माझा पितळी ओळंबा पाठवतोय. पहिल्या पुलाच्या कामावर एका गवंड्याने मला दिलेला. दोरा नवीन घातलाय, जुना कुजला होता.

ही तुम्हाला नमस्कार सांगतेय. श्ट्रूडल घरी करून पाहिलं, जमलं नाही.

आपला,
पुलाखाली वाकून पाहणारा