सर्दीसकट जपान

रत्नागिरी

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तुझा रोज एकच धोशा, ‘आई, खोलीत पडून राहा.’ अगं, ताप नव्हता, नुसती सर्दी. एवढा खर्च करून क्योतोला जायचं आणि हॉटेलचं छत बघत बसायचं? तेव्हा घसा बसल्यामुळे भांडता आलं नाही, म्हणून आता सविस्तर लिहिते.

आधी औषधाचं. सुडोएफेड्रिन (बंद नाक मोकळं करणारं द्रव्य) १० टक्क्यांहून जास्त असलेलं औषध जपानात नेताच येत नाही, हे तू निघण्याआधी शोधून काढलंस ते फार बरं झालं. तिथल्या औषधाच्या दुकानात सर्दी म्हटल्यावर काक्कोंतो नावाचा काढा पुढे केला. कुद्झू नावाच्या वेलीचं मूळ, आलं, दालचिनी, ज्येष्ठमध. वाचून मी खूश. पण त्यात माओ नावाची वनस्पतीही असते, आणि तिच्यात एफेड्रिन नि सुडोएफेड्रिन दोन्ही! बाहेरून आणायला बंदी आणि घरच्या काढ्यात खुशाल. मोबाइलवर भाषांतर करून बाबांनी माझ्या ब्लडप्रेशरचं सांगितलं, तशी दुकानातल्या बाईंनी बाटली परत घेतली आणि साध्या गोळ्या दिल्या.

मास्क लावून फिरणाऱ्याकडे तिथे कुणी वळूनही बघत नाही, त्यामुळे लाज वाटायचं कारण नव्हतं. पंचाईत नाकाची. चारचौघांत नाक शिंकरणं तिथे वाईट दिसतं. लोक सूं सूं करत ओढत राहतील, पण शिंकरणार नाहीत. मी दर वेळी स्वच्छतागृह गाठत होते (ती जागोजागी आहेत आणि आरशासारखी लख्ख आहेत). रस्त्यावर कचऱ्याचा डबा मात्र औषधालाही सापडत नाही, तेव्हा वापरलेल्या टिश्यूंसाठी पर्समध्ये वेगळी पिशवी ठेव. बाबांनी ते टिश्यू त्यांच्या कोटाच्या खिशात ठेवू दिले नाहीत, हे सुद्धा नोंदवून ठेवते.

आता खाण्याचं. नाक बंद म्हणजे वास नाही, वास नाही म्हणजे चव निम्मी गेली. तरी मी आनंदाने जेवले, कारण त्या जेवणात जिभेइतकंच काम दातांना आणि घशाला असतं. नानझेन-जी देवळाजवळ युदोफू खाल्लं. गरम पाण्यातल्या टोफूला (म्हणजे सोयाबीनच्या पनीरला) तशीही चव ती किती, पण तो गिळताना घशाला जे बरं वाटलं! बाबा तोंड वाकडं करून म्हणाले, ‘यात आहे काय?’ त्यांना सर्दी नव्हती ना. सकाळी हॉटेलात ओकायू मिळायचं, म्हणजे आपली पेजच, सोबत उमेबोशी हे खारवलेलं आंबट फळ. खोबऱ्याची कातळी नव्हती एवढंच.

सगळ्यात गुणकारी ठरला क्योतोचा तानुकी उदोन, म्हणजे रश्श्यातल्या जाड नूडल्स. वर तळलेल्या टोफूच्या चिरफळ्या, घट्ट केलेला रस्सा आणि किसलेलं आलं. रस्सा घट्ट असल्याने शेवटच्या घोटापर्यंत चटके बसतात. तिथे नूडल्स फुर्रर्र करून ओढायला पूर्ण मुभा, नाक शिंकरायला नाही. असो, ज्याचं त्याचं. रश्श्यात बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनिटो माशाचा अर्क असतो. आपल्याला चालतं, पण तुझ्या सासूबाईंना नेशील तर आधी विचारून घे. रस्त्यावरच्या पेयं विकणाऱ्या यंत्रांत लाल पट्टीची पेयं गरम असतात. मी युझूचं (लिंबासारखं एक फळ) गरम सरबत घेत असे आणि आधी डबा दोन्ही गालांना लावून शेकत असे.

फुशिमी इनारीचा डोंगर अर्ध्यातून सोडला. कियोमिझुदेरा देवळाचा चढ धापा टाकत चढले. तिथे ओतोवा झऱ्याच्या तीन धारा आहेत, लांब दांड्याची ओगराळी अतिनील किरणांखाली निर्जंतुक करून ठेवलेली असतात. तरी मी प्याले नाही, मागच्या माणसाला कशाला प्रसाद द्या?

नारा मात्र सर्दीवाल्यांचंच गाव निघालं. तोदाइ-जी देवळात सुमारे १५ मीटर उंचीचा कांस्याचा बुद्ध आहे. इ. स. ७५२ मध्ये त्याचे डोळे उघडण्याचा विधी केला तो बोधिसेन या भारतातून गेलेल्या भिक्षूने. हे वाचून बाबा तिथल्या तिथे ताठ झाले. मागे एका खांबाला आरपार भोक आहे, ते म्हणे त्या बुद्धाच्या नाकपुडीएवढं, आणि त्यातून सरपटत पार झालं की पुण्य लागतं. माझ्या नाकपुडीतून हवा जाईना आणि यांच्या नाकपुडीतून माणूस जातो! इतकी हसले की खोकल्याची उबळ आली आणि बाबा मला ओढत बाहेर घेऊन आले. बाहेर पिंडोल भारद्वाज या बुद्धाच्या शिष्याची लाकडी मूर्ती आहे. आपलं जे दुखतं तिथे मूर्तीला हात लावायचा, मग स्वतःला. नाकापर्यंत हात पोचेना. हातांना सॅनिटायझर चोळून गुडघ्याला लावला, तेही दुखणं आहेच.

बाबा गरम पाण्याच्या कुंडात डुंबून आले, मी ते सोडलं. वाईट फक्त त्याचंच वाटलं.

तू मार्चचं म्हणतेस, पण तुझी ॲलर्जी लक्षात घे. महायुद्धानंतर त्यांनी डोंगरच्या डोंगर सुगी नावाच्या (जपानी देवदार) झाडांनी भरले, आणि फेब्रुवारी ते एप्रिल त्यांचे परागकण हवेत असतात. निम्मा देश शिंकत असतो. उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर सुगी फार कमी, आणि चेरीही तिथे उशिरा, एप्रिलअखेर नाहीतर मेमध्ये फुलते. जावईबापूंना सुटी मिळते का विचार. जाशील तेव्हा नेहमीची गोळी आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या बॅगेत ठेव.

तुझी,
आई